तीन ठोके, अकराव्या मिनिटाला

हे घडलं तेव्हा रात्र नव्हती.

आधीच सांगून टाकते, कारण भुताची गोष्ट म्हटली की लोक अमावस्या, कंदील, कुत्र्याचं रडणं असलं काहीतरी शोधायला लागतात. इथे तसलं काही मिळायचं नाही. वेळ सकाळी सव्वाअकराची. जागा माझ्या मावशीचं वर्कशॉप. ट्यूबलाइट लावलेली, खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं.

त्या लख्ख उजेडात जे झालं ते मावशीच्या डोळ्यांसमोर झालं. शेवटचं थोडंसं मीही पाहिलं. मी तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतली नाही. उलट यातली एक गोष्ट मी आजपर्यंत मावशीपासूनही लपवली आहे. ती इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

मावशी हे पान कधी उघडणार नाही, याची खात्री करूनच.

माझी मावशी रेग्युलेटर दुरुस्त करते. म्हणजे पाणबुडे तोंडात धरतात ते यंत्र. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा त्यातून ओढायची आणि त्यातूनच सोडायची. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रात तळमजल्यावर तिचं वर्कशॉप आहे. वरच्या मजल्यावर तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, कामाला होते. ते पाणबुडे. त्यांचं काम माशांचे आवाज रेकॉर्ड करायचं.

मासे आवाज करतात हे मला काकांमुळेच कळलं. कोणी टकटक करतं, कोणी गंजलेल्या बिजागरीसारखं कुरकुरतं. पण ते ऐकायचं कसं? पाण्यात श्वास ओढताना फारसा आवाज होत नाही. सोडताना होतो. भसाभस बुडबुडे निघतात आणि मासे धूम ठोकतात. त्यात काकांचा श्वास दांडगा. केंद्रात सगळे त्यांना 'गुडगुडी' म्हणायचे.

"तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मासे कमी आणि तुम्हीच जास्त," मावशी म्हणायची. "घरी घोरता, पाण्यात गुडगुडता. माणसाने जायचं तरी कुठे?"

"मग कर ना काहीतरी," काका म्हणायचे. "मेस्त्रीबाई ना तू?"

आता त्यांची एक सवय सांगते. ती नीट लक्षात ठेवा.

काका पाण्यात उतरले की मावशी बोटीवर बसायची, हातात पाना घेऊन. दर दहा मिनिटांनी काका तीन मोठे श्वास सोडायचे. तीन मोठे बुडबुडे खदखदत वर यायचे. मावशी ते ऐकायची, आणि बोटीच्या शिडीवर पान्याने तीन ठोके द्यायची.

बुडबुडे म्हणजे, "आहेस का?"

ठोके म्हणजे, "आहे. सगळं ठीक आहे, चालू द्या."

उत्तर आलं नाही, तर काका एक मिनिट थांबून पुन्हा तीन श्वास सोडायचे. तरीही नाही आलं, तर असेल ते काम टाकून वर यायचं. कारण उत्तर नाही म्हणजे वर काहीतरी बिघडलं आहे.

हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. बोट निघण्याआधी तपासायची सत्तावीस कलमांची यादी होती, त्यातही नव्हता. एकोणीस वर्षं दोघं तो पाळत होते. जे कधी विसरतच नाही ते लिहायचं कशाला?

सायलेन्सर करायला मावशीला आठ महिने लागले. मोटारसायकलला असतो तसाच, पण श्वासाचा. रेग्युलेटरच्या खाली जिथून उच्छ्वास बाहेर पडतो तिथे तिने एक नळी बसवली. ती खांद्यावरून मानेच्या मागे नेली. तिथे दाट स्पंज भरलेलं एक नळकांडं. मोठा बुडबुडा त्यात शिरायचा आणि साबणाच्या फेसाएवढा बारीक होऊन बाहेर पडायचा.

पहिली दोन नळकांडी फुकट गेली. श्वास सोडायला इतका जोर लागायचा की काकांचे गाल दुखायचे. तिसरं जमलं.

वर्कशॉपमध्ये रेग्युलेटर तपासायची काचेची टाकी आहे, लोखंडी चौकटीत बसवलेली, कमरेएवढी उंच. काकांनी त्यात डोकं घालून श्वास घेतला. मावशीने पाण्यात माईक सोडला होता. हेडफोनमध्ये फक्त पीठ चाळल्यासारखी बारीक सरसर. मोठा श्वास असो, छोटा असो, सगळं एकसारखं.

काका ओल्या केसांनी वर आले आणि हसत सुटले. "मेस्त्रीबाई, तुम्ही माझा आवाजच बंद केलात की!"

"एकोणीस वर्षांनी का होईना, जमलं एकदाचं," मावशी म्हणाली.

हे वाक्य ती आता कोणाला बोलू देत नाही.

तो बुधवार होता. समुद्र शांत. बोटीवर मावशी, बोटवाला आणि गरज पडली तर उतरायला तयार असलेला दुसरा पाणबुडा. बरोबर अकरा वाजून पाच मिनिटांनी काका उतरले. चौदा मीटर खोल, एका खडकापाशी. चाळीस मिनिटांनी वर यायचं ठरलं होतं. मावशीने काकांजवळ सोडलेल्या माईकचा हेडफोन लावला आणि वही उघडली.

सरसर... सरसर...

दहा मिनिटं झाली. मावशीने ठोके दिले नाहीत. पाना डब्यातच होता. एकोणीस वर्षांत तिने आधी ऐकलं होतं आणि मग ठोकलं होतं. ऐकू आलं नाही, म्हणून हात उठला नाही.

बुडबुडे गिळणारा स्पंज ती हाकही गिळणार, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दोघांना आपल्या कामातलं इतकं कळत होतं, आणि हेच सुटलं.

बाविसाव्या मिनिटाला सरसरही थांबली.

मावशीने वहीत लिहिलं, 'शून्य! जमलं!' खाली दोन रेघा ओढल्या. हेडफोन काढून बोटवाल्याच्या कानाला लावला.

"ऐका. काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही, बाई."

"तेच तर!"

आणि दोघं हसले.

पुढची अठरा मिनिटं मावशी ती शांतता आणि तिच्यात हळूहळू जवळ येणारे मासे ऐकत बसली. मांडीवर हात जुळवून. ती म्हणते, लग्न झाल्यापासून मी इतकी खूश कधी नव्हते गं.

चाळीस मिनिटं झाली, काका आले नाहीत. दुसरा पाणबुडा उतरला. काका खडकाला टेकून बसलेले होते, हाताला माईकचा दोर गुंडाळलेला. आणि सगळ्या बाजूंनी मासे. अगदी चेहऱ्याजवळ. पाणबुडा जवळ गेला तरी हललेच नाहीत म्हणे.

डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. चौकशीत सायलेन्सर निर्दोष निघाला, हवा चांगली निघाली. कोणाचाच दोष नाही, असं पत्र आलं. त्यापेक्षा कोणी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं.

तिला दिवसरात्र एकच प्रश्न. दहाव्या मिनिटाला त्यांनी हाक मारली असेल. उत्तर नाही. अकराव्या मिनिटाला पुन्हा मारली असेल. तरी उत्तर नाही. मग ते वर का आले नाहीत? बारा मिनिटांत बोटीवर असायला हवे होते. बोटीवर त्रास झाला असता तर हाताशी माणसं होती, ऑक्सिजन होता. ते तिथेच का थांबले?

"विसरले असतील गं," माझी आई म्हणायची.

"ते?" मावशी म्हणायची. "हा नियम? अशक्य."

चौकशी संपल्यावर केंद्राने रेकॉर्डिंग परत दिलं. ते मावशीने आणि मी माझ्या कॉम्प्युटरवर ऐकलं. दहाव्या-अकराव्या मिनिटापाशी तर आम्ही श्वास रोखून बसलो होतो. काही नाही. बुडबुडे नाहीत, ठोके नाहीत, नुसती सरसर. पुढे बाविसाव्या मिनिटाला ती थांबली...

आणि हळूहळू मासे आले. टकटक, कुरकुर, चारी बाजूंनी, अगदी माईकला चिकटून. केंद्राकडे इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग आजवर नव्हतं. मासे का घाबरले नाहीत, ते आम्हा दोघींना एकदमच कळलं. मावशीने वही उघडून ते दोन रेघांचं पान पाहिलं आणि मिटली. त्यानंतर तिने रेकॉर्डिंगला हात लावला नाही. रडलीही नाही. मी तिच्याकडेच राहायला गेले.

चार महिने असेच गेले.

मग एका सोमवारी मावशी वर्कशॉपमध्ये एकटी काम करत होती. रेडिओ चालू होता. कॉम्प्रेसर बंद. टाकीत नळाचं पाणी, बाकी काही नाही.

गुडुप...

गुडुप...

गुडुप.

तिने मान वर केली. टाकीच्या पाण्यावर तीन वर्तुळं विरत होती.

नळ गळत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. नळ कोरडा होता. मिनिटभराने पुन्हा तीन... मग काही नाही.

मंगळवारी तेच. घड्याळात सव्वाअकरा. मग अकरा सोळा.

मावशी मेस्त्री आहे. आवाज आला की ती आधी गळती शोधते. तिने टाकीचा प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्याने तपासला. बुधवारी सगळं पाणी काढून टाकलं, टाकी पुसून कोरडी केली. त्या दिवशी सव्वाअकराला आवाज आला तो पुसायच्या बादलीतून. आणि त्या पाण्याचा वास खारा होता.

तिने बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

तेव्हा तिला वेळेचा हिशोब लागला. अकरा पाचला उतरले. सव्वाअकरा, पहिली हाक. अकरा सोळा, दुसरी.

तिने टाकी पुन्हा भरली. पाना खणात ठेवला आणि खण लावून घेतला.

मला हे सगळं तिने दहाव्या दिवशी सांगितलं. रात्री जेवताना, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या साध्या आवाजात.

"मी उत्तर देत नाहीये," ती म्हणाली.

"का?"

"उत्तर नाही मिळालं की ते वर येतात." तिने माझ्याकडे पाहिलं. "येताहेत गं. पहिल्या दिवशी आवाज तळाशी होता. आता पार वर आलाय. बुडबुडेही मोठे झालेत. उद्या नाहीतर परवा..."

तिचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिच्याबरोबर गेले. तिने पिशवीत काकांचा सदरा आणि टॉवेल घेतला होता. बोटीवर ती नेहमी त्यांच्यासाठी कोरडा टॉवेल धरून उभी राहायची. तसाच टॉवेल खांद्यावर टाकून ती टाकीपाशी उभी राहिली. रेडिओ तिने बंद केला. मी दारात थांबले. खोटं कशाला बोलू, पळायची तयारी ठेवूनच थांबले.

सव्वाअकरा.

पाण्याच्या अगदी वरच्या थरातून तीन बुडबुडे आले. वाटीएवढे मोठे, एकामागून एक. टाकीत काहीच नव्हतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, काहीच नव्हतं.

मावशी हलली नाही. पण सवयीने तिचा हात खणाकडे गेला होता. तिने तो मागे घेतला.

एक मिनिट किती मोठं असतं, ते मला त्या दिवशी कळलं. खोलीत समुद्राचा वास भरला. फरशीवर टाकीच्या पायाशी पाणी साचू लागलं, आणि टाकी तर कुठेच गळत नव्हती.

अकरा सोळा.

पुन्हा तीन... पण सारखे नव्हते. पहिला तुटका. दुसरा घाईचा. तिसरा अर्धाच.

आणि या वेळी ते तिथे थांबलं नाही. श्वास ऐकू यायला लागला. आत, बाहेर, आत, बाहेर, भराभर. टाकीतलं पाणी मध्यभागी हळूहळू फुगत वर आलं. खालून कोणीतरी डोकं वर काढत असावं तसं.

मावशीला आता काहीही करायचं नव्हतं. फक्त थांबायचं होतं.

पण तो श्वास तिच्या ओळखीचा होता. एकोणीस वर्षं उशाशी ऐकलेला. झोपेतला, हसतानाचा, जिना चढून आल्यावरचा, सगळे तिला ठाऊक होते. हाही ठाऊक होता. त्यांची आई गेली त्या दिवशीचा. हा घाबरलेला श्वास होता.

ते काळोखात एकटे विचारत होते, आहेस का? आणि ती आपल्या स्वार्थापायी तोंड मिटून उभी होती. एकदा त्यांची हाक तिला ऐकू आली नव्हती. आज ऐकू येत होती, तरी ती गप्प होती. ती मला नंतर म्हणाली, तेव्हा माझी मलाच किळस आली गं.

तिने खण उघडला. पाना काढला. टाकीच्या लोखंडी चौकटीवर तीन ठोके दिले.

ठण्.

ठण्.

ठण्.

"आहे," ती म्हणाली. "आहे हो मी इथे. घाबरू नका."

फुगलेलं पाणी खाली बसलं. एक लांब, सैल उच्छ्वास आला, झोप लागायच्या आधी सोडतात तसा. मग काही नाही.

आम्ही अकरा सव्वीसपर्यंत थांबलो. पुढच्या हाकेची वेळ. हाक आली नाही. मावशीने टाकीत बोट बुडवून चाखलं. पाणी गोडं झालं होतं.

मग ती टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली. चार महिन्यांचं एकदम.

त्यानंतर बुडबुडे आले नाहीत. मावशी जेवू लागली, झोपू लागली. एकदा तर शेजारणीशी पाण्यावरून कडाकडा भांडलीसुद्धा. मला हायसं वाटलं. काका सुटले, मावशी सुटली, असं मी धरून चालले. गोष्ट इथेच संपली असती तर मी ती लिहायलाच घेतली नसती.

तीन आठवड्यांनी केंद्राने त्या रेकॉर्डिंगची प्रत मागितली. फाइल माझ्याकडेच होती. बरोबर उतरली की नाही पाहायला मी हेडफोन लावला. दुपार होती, मावशी कामावर.

सरसर... सरसर...

दहावं मिनिट गेलं.

अकराव्या मिनिटाला, सोळा सेकंदांनी...

ठण्.

ठण्.

ठण्.

मी हेडफोन काढून फेकला. पुन्हा लावला. पाच वेळा ऐकलं. आम्ही दोघींनी जिथे श्वास रोखून ऐकलं होतं, जिथे काही म्हणजे काही नव्हतं, तिथे ठोके होते. फाइलची तारीख जुनीच. मधल्या काळात ती कोणी उघडलीही नव्हती.

मी बोटवाल्याला फोन केला. "त्या दिवशी मावशीने शिडी वाजवली होती का हो?"

"नाही ताई. बाई हात जुळवून बसल्या होत्या. पाना तर डब्यातनं काढलाच नव्हता."

आणि ते ठोके शिडीचे नव्हतेच. शिडी ॲल्युमिनियमची, तिचा आवाज पोकळ. हे भरीव होते, लोखंडावरचे. तो आवाज मी दारात उभी राहून ऐकला होता.

ठोक्यांच्या आधी सरसर भराभर चालली आहे. ठोक्यांनंतर ती हळूहळू संथ होते. निवांत होते. उत्तर मिळालेल्या माणसाची. आणि मग तशीच चालत राहते, आणखी अकरा मिनिटं.

ठोके म्हणजे काय, ते तुम्हाला सांगितलं आहेच.

सगळं ठीक आहे, चालू द्या.

केंद्राला मी कळवलं की फाइल खराब झाली. मावशीलाही तेच सांगितलं. "असू दे," ती म्हणाली. "मला कशाला हवी आहे ती? उशिरा का होईना, उत्तर पोहोचलं त्यांना. तेवढं पुरे."

फाइल मी पुसलेली नाही. का, ते माझं मलाच माहीत नाही.

परवा रविवारी दोघी गॅलरीत बसलो होतो. मावशी कपडे घडी करत होती. काकांचा तो टॉवेल हातात आला तशी थांबली.

"सगळं पटलं मला," ती म्हणाली. "एकच गोष्ट अजून कळत नाही बघ. उत्तर न मिळताही ते वर का आले नसतील?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी उठले आणि म्हणाले, "मावशी, चहा टाकू का?"